मनात जिव्हाळा नसताना प्रेमाने वागणे हे ढोंग ठरते का?

वाटसरू (धागाकर्ता)

आमच्या शास्त्राभ्यासात सध्या बायबलमधील रोमकरांस पत्राचा 12 वा अध्याय चालू असून 9 व्या वचनावर, म्हणजे प्रीतीत ढोंग नसावे या आज्ञेवर, चर्चा बराच वेळ अडली. एका भगिनीचा प्रश्न असा होता : ज्या माणसाविषयी मनात जिव्हाळा उरलेलाच नाही, त्याच्याशी केवळ देवाची आज्ञा म्हणून प्रेमाने वागायचे, तर ते ढोंगच नव्हे काय? त्यापेक्षा चार हात दूर राहणे अधिक प्रामाणिक ठरणार नाही का? प्रश्न मनापासून विचारलेला होता आणि त्याला मिळालेली घाईची उत्तरे मला पुरेशी वाटली नाहीत, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

प्रेषित पौलाने हे पत्र इ.स. 57 च्या सुमारास रोममधील मंडळीला लिहिले. त्या मंडळीत यहूदी आणि यहूदीतर असे दोन्हीकडचे विश्वासणारे होते. त्याआधी काही वर्षे सम्राट क्लौद्य याने यहूद्यांना रोम सोडून जाण्याचा हुकूम दिला होता, याचा उल्लेख प्रेषितांची कृत्ये 18:2 मध्ये आहे. पत्राचा 14 वा अध्याय वाचला तर काय खावे, काय खाऊ नये, कोणता दिवस पवित्र मानावा यावरून तेथील लोक एकमेकांना कसे तुच्छ लेखत होते आणि दोषी ठरवत होते हे स्पष्ट दिसते. म्हणजे ढोंग नसलेल्या प्रीतीची आज्ञा एकमेकांविषयी मनात अढी असलेल्या माणसांना, ती अढी ठाऊक असतानाच, दिलेली आहे. आधी अढी जाऊ द्या आणि मग प्रीती करा असे पौल कोठेही म्हणत नाही.

त्या वचनानंतर येणाऱ्या गोष्टी पाहाव्यात. एकमेकांना मान देण्यात पुढे व्हा, पवित्र जनांच्या गरजा भागवा, पाहुणचार करा, छळणाऱ्यांना आशीर्वाद द्या, रडणाऱ्यांबरोबर रडा, आणि अखेरीस, तुमचा शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला द्या. शत्रूविषयी मनात ओढ निर्माण करणे माणसाच्या हातात नसते. त्याच्यापुढे अन्न ठेवणे मात्र असते. जे हातात नाही त्यावाचून, जे हातात आहे ते करणारा माणूस ढोंगी ठरत असेल, तर शत्रूवर प्रीती करा ही प्रभूची आज्ञा पाळणारा प्रत्येक जण ढोंगी ठरेल.

मग ढोंग नेमके कोठे असते? शास्त्रातील सर्वांत भयंकर ढोंगाचे उदाहरण म्हणजे शिष्य यहूदाने बागेत घेतलेले येशूचे चुंबन. ते ढोंग होते, कारण त्या चुंबनाचा हेतू धरून देणे हा होता. त्या क्षणी यहूदाच्या मनात येशूविषयी किती माया होती हा तेथे प्रश्नच नाही. माझे मत असे झाले आहे की जिव्हाळ्याचा अभाव माणसाला ढोंगी बनवत नाही; दाखवलेला हेतू आणि खरा हेतू यांतील फारकत त्याला ढोंगी बनवते. ज्याचे खरोखर भले व्हावे असे मी इच्छितो आणि त्याप्रमाणे करतो, त्याच्याविषयी मला आज आपुलकी वाटत नसली तरी माझी प्रीती खोटी नाही. ती अपुरी मात्र आहे, आणि तिने अपुरे राहू नये अशी प्रार्थना मी केली पाहिजे. याउलट, मनात गोडी असूनही समोरच्याकडून काही मिळवण्यासाठी, चांगले म्हणवून घेण्यासाठी किंवा त्याला उपकाराखाली ठेवण्यासाठी मी प्रेमळ वागत असेन, तर ते ढोंग आहे, मग त्यात कितीही ऊब असो.

आपणांस काय वाटते, विशेषतः ज्यांना हे घरात, कामाच्या ठिकाणी रोज करावे लागते त्यांना, ते अवश्य लिहावे.

ओलावा

वाटसरू, आपण लिहिलेले माझ्या परिस्थितीला इतके लागू आहे की उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. माझे सासरे बराच काळ अंथरुणाला खिळून आहेत. ते धडधाकट असताना त्यांनी मला कधी गोड शब्दाने हाक मारली नाही, आणि आजारपणाने त्यांचा स्वभाव मवाळ केलेला नाही. त्यांची सेवा करताना माझे मन मायेने भरून येते असे मी सांगितले तर ते खरे होणार नाही.

चादर बदलण्याचे एक काम सांगते, कारण मला प्रीतीविषयी जे समजले ते तेथेच समजले. रुग्णाला न उठवता चादर बदलायची असते, तेव्हा त्याला एका कुशीवर वळवायचे, जुनी चादर लांबीच्या बाजूने गुंडाळत त्याच्या पाठीपर्यंत आणायची, मोकळ्या झालेल्या अर्ध्या गादीवर नवी चादर घालून तिचा उरलेला भाग त्या गुंडाळीला लागून सरकवायचा, मग रुग्णाला त्या उंचवट्यावरून अलगद दुसऱ्या कुशीवर घ्यायचे आणि जुनी चादर ओढून काढून नवी ताणायची. शेवटी हात फिरवून पाहायचे, कारण खाली एखादी सुरकुती राहिली तर काही तासांत तेथील कातडी लाल होते आणि त्याची पुढे जखम होऊ शकते. हे सारे यंत्रासारखे करता येते आणि वरून पाहणाऱ्याला फरक कळणार नाही. पण वळवण्याआधी "बाबा, आता डावीकडे घेते, हात छातीवर ठेवा" असे सांगायचे, त्यांचा हात तेथे येईपर्यंत थांबायचे आणि मगच वळवायचे, या थांबण्याला मात्र मनाची तयारी लागते. न सांगता वळवले की माणूस दचकतो. आपण उचलून ठेवण्याची वस्तू झालो आहोत हे त्याला त्या क्षणी जाणवते.

मला माया वाटते की नाही हे तपासत बसणे मी सोडून दिले आहे. त्यांचा हात छातीवर येईपर्यंत मी थांबते की नाही, एवढेच मी पाहते. योहानाच्या पहिल्या पत्रात, 3:18 मध्ये, शब्दाने व जिभेने नव्हे तर कृतीने व सत्याने प्रीती करावी असे जे सांगितले आहे, त्यातला "सत्याने" हा भाग मी असा समजून घेतला आहे : कोणी पाहत नसतानाही चादरीवरून हात फिरवायचा.

खडू

धागाकर्त्यांच्या मूळ मुद्द्याशी मी सहमत आहे, परंतु त्याला एक पुरवणी जोडली नाही तर तो मुद्दा घातक ठरू शकेल असे मला वाटते. जिव्हाळा नसला तरी गोड वागा, एवढेच ऐकून घेतलेली मंडळी कशी होते हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. सर्वांच्या चेहऱ्यावर हसू असते, सर्व जण एकमेकांना प्रभूच्या नावाने अभिवादन करतात आणि कोणीही कोणाला खरे सांगत नाही. जे तोंडावर बोलायचे ते पाठीमागे बोलले जाते, आणि पुष्कळदा ते "प्रार्थनेचा विषय" म्हणून बोलले जाते. अमुक भावासाठी प्रार्थना करा, त्याच्या घरात काय चालले आहे हे तुम्हाला ठाऊक नसेल, अशी सुरुवात होते आणि त्या भावाची अब्रू प्रार्थनेच्या नावाखाली घरोघर पोहोचते. ज्याच्यासाठी प्रार्थना हवी त्याची परवानगी न घेता त्याचे दुःख वाटून टाकणे हे मला प्रीतीतील ढोंगाचे सर्वांत रुळलेले रूप वाटते.

शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर ही आज्ञा लेवीय 19:18 मध्ये आहे हे सर्वांना माहीत असते. तिच्या लगेच आधीचे वचन क्वचितच वाचले जाते. त्यात म्हटले आहे की आपल्या भावाचा मनात द्वेष करू नये, आणि त्याला अवश्य दोष दाखवावा, नाहीतर त्याच्यामुळे आपल्यावर पाप येईल. म्हणजे नियमशास्त्राच्या दृष्टीने दोष न दाखवता मनात धुमसत राहणे हा द्वेषाचाच प्रकार आहे. प्रभू येशूनेही मत्तय 18:15 मध्ये वाट आखून दिली आहे : भावाने अपराध केला तर प्रथम त्याच्याकडे जा आणि तो आणि तू एकटे असताना त्याचा अपराध त्याला दाखव. पहिली पायरी ही एकांताची आहे, आणि आपण बहुतेक वेळा नेमकी तीच गाळतो.

अंत्युखिया नगरात येशूचा शिष्य पेत्र यहूदीतरांबरोबरच्या पंक्तीतून मागे सरला तेव्हा पौलाने त्याला तोंडावर विरोध केला, हे गलतीकरांस पत्राच्या 2 ऱ्या अध्यायात आहे. तो विरोध सर्वांसमक्ष होता, कारण पेत्राचे वागणेही सर्वांसमक्ष होते आणि त्यामुळे पौलाचा सोबती बर्णबासुद्धा वाहवत गेला होता. पंक्तीतून उठवल्यासारख्या झालेल्या त्या यहूदीतर विश्वासणाऱ्यांवर पौलाची प्रीती होती. तो गप्प राहिला असता तर त्या दिवशी पेत्राशी असलेला त्याचा स्नेह टिकल्यासारखा दिसला असता आणि त्यांच्यावरची प्रीती खोटी ठरली असती.

यात मला सर्वांत भावणारे वचन मार्क 10:21 हे आहे. श्रीमंत तरुण प्रभूपुढे गुडघे टेकतो, तेव्हा येशूने त्याच्याकडे निरखून पाहिले व त्याच्यावर प्रीती केली, असे मार्क सांगतो. आणि त्या प्रीतीतून निघालेले पहिले वाक्य असे होते की ते ऐकून तो तरुण खिन्न होऊन निघून गेला. येशूने त्याला थांबवण्यासाठी अट सैल केली नाही आणि जाणाऱ्याला चार कठोर शब्दही ऐकवले नाहीत. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन याने योहानाच्या पहिल्या पत्रावर प्रवचने दिली, त्यांतील "प्रीती कर आणि मग तुला हवे ते कर" हे वाक्य पुष्कळांना पाठ असते. परंतु त्याच्या पुढेच तो म्हणतो की गप्प राहायचे तर प्रीतीने गप्प राहा, सुधारायचे तर प्रीतीने सुधार. ते वाक्य मनमानीला मोकळीक देण्यासाठी उच्चारलेलेच नाही.

निर्झर

खडू यांनी प्रार्थनेच्या विषयाबद्दल लिहिले, त्याला जोडून एक छोटी गोष्ट. याकोबाच्या पत्रात, 2:15-16 मध्ये, उघड्यावाघड्या आणि रोजच्या अन्नाला महाग झालेल्या भावाबहिणीला "सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा" असे म्हणून काहीच न देणाऱ्याविषयी लिहिले आहे. आज आपण कोणाच्या संकटाची बातमी वाचली की मोबाइलवर जोडलेल्या हातांचे चिन्ह पाठवतो आणि पुढच्या संदेशाकडे वळतो. ते चिन्ह पाठवू नये असे मी म्हणत नाही. पण चिन्ह पाठवल्यावर हात खरोखर जोडले का, आणि त्या माणसाला आज काय लागणार आहे असे एकदा तरी विचारले का, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

काठ

मला एक अवघड विषय काढावा लागत आहे, आणि तो या धाग्यात आला नाही तर वाचणाऱ्यांपैकी कोणावर तरी अन्याय होईल असे वाटते. ज्यांना घरात मारहाण होते, ज्यांचा पदोपदी अपमान होतो, अशा व्यक्तींना "प्रीती सर्व काही सहन करते" हे वचन ऐकवून परत पाठवले जाते. मी समुपदेशनाच्या कामात असल्यामुळे हे पुन्हा पुन्हा पाहतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 13 व्या अध्यायात प्रीती सहनशील आहे हे जसे आहे, तसेच प्रीती अनीतीत आनंद मानत नाही, सत्यात आनंद मानते, हेही त्याच ओघात आहे. ज्या घरात अनीतीवर पांघरूण घालणे यालाच सहनशीलता म्हटले जाते, तेथे ते वचन अर्धेच वाचलेले असते.

क्षमा करणे आणि पुन्हा त्याच माणसाच्या तावडीत जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजण्यासाठी दावीद आणि शौल यांचा प्रसंग मी नेहमी सांगतो. राजा शौल दाविदाच्या जिवावर उठला होता. एन-गेदीच्या रानातील गुहेत तो अनायासे दाविदाच्या हाती सापडला, तेव्हा दाविदाने त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापून घेतला आणि तेवढ्यानेही त्याचे मन त्याला टोचू लागले. मग गुहेबाहेर येऊन, मध्ये अंतर ठेवून, त्याने तो तुकडा दाखवला. शौल गळा काढून रडला, तू माझ्याहून नीतिमान आहेस असे म्हणाला. पहिल्या शमुवेलाच्या 24 व्या अध्यायाचा शेवट मात्र असा आहे की शौल आपल्या घरी गेला आणि दावीद व त्याची माणसे वर गडावर गेली. शौलाचे अश्रू पाहूनही दावीद त्याच्याबरोबर गेला नाही. त्याने सूड घेतला नाही, शाप दिला नाही, आणि भाल्याच्या टप्प्यातही परतला नाही. हे तिन्ही एकाच मनाने करता येते.

पौलानेही रोमकरांस 12:18 मध्ये सर्वांबरोबर शांतीने राहा असे सांगताना "शक्य असेल तर" आणि "तुमच्याकडून होईल तितके" या दोन मर्यादा घातल्या आहेत. ज्या पाळकांनी किंवा वडीलजनांनी सल्ला द्यायचा असतो, त्यांनी मारहाणीच्या प्रकरणात आधी त्या व्यक्तीच्या सुरक्षिततेची व्यवस्था करावी, कायद्याची मदत घ्यायला तिला अडवू नये, आणि समेटाची भाषा पश्चात्ताप दिसल्यानंतर, तोही वागण्यातून आणि दीर्घकाळ दिसल्यानंतरच, काढावी. अपराध्याला परिणामांना सामोरे जाऊ देणे हेही त्याच्यावरील प्रीतीत बसते, कारण पाप करीत राहण्याची मोकळीक मिळणे यात त्याचे काहीही भले नाही.

खडू

काठ, आपण हे लिहिले याबद्दल मनःपूर्वक आभार. मी वर जे मत्तय 18:15 बद्दल लिहिले, ते अशा प्रकरणांना लावून पीडित व्यक्तीला अपराध्याकडे एकटीने पाठवू नये, हे मी येथे स्पष्ट करतो.

सायली

घराबाहेर उदार आणि घरात कोरडे असणे, हा विषय अजून आलेला नाही. मार्काच्या 7 व्या अध्यायात प्रभूने परूश्यांना एका चालीविषयी धारेवर धरले आहे : जे आईवडिलांच्या उपयोगी पडायचे ते "कुर्बान" आहे, म्हणजे देवाला अर्पण केले आहे, असे म्हटले की मुलाला आईवडिलांसाठी काही करावे लागत नसे. धार्मिक कारण पुढे करून घरातील कर्तव्यातून सुटका करून घेण्याची वाट ती आहे, आणि ती आजही वाहती आहे. संध्याकाळ-संध्याकाळ मंडळीच्या कामासाठी बाहेर असणारा, प्रत्येक आजाऱ्याच्या उशाशी पोहोचणारा माणूस स्वतःच्या पत्नीचे बोलणे मध्येच तोडतो, मुलाने काही विचारले तर मान वर करत नाही. बाहेरच्यांना दिलेली प्रीती खोटी असते असे मी म्हणणार नाही. पण बाहेर कौतुक असते, घरात ते नसते. म्हणून धागाकर्त्यांनी सांगितलेल्या हेतूची परीक्षा घरातच नीट होते.

कलस्सैकरांस पत्राच्या 3 ऱ्या अध्यायात करुणा, ममता, क्षमा आणि सर्वांवर प्रीती धारण करा असे सांगून झाल्यावर पौल थेट घरात शिरतो : पतींनी पत्नींशी कठोर वागू नये, बापांनी मुलांना चिडवू नये, नाहीतर ती खिन्न होतील. मुलांच्या खिन्नतेची दखल त्या काळच्या पत्रात घेतलेली आहे, हे मला फार मोलाचे वाटते. मुलाशी बोलताना हातातील काम खाली ठेवणे, चूक झाली तर त्याचा पाणउतारा चारचौघांत न करणे, आपण दिलेला शब्द लहान मुलाला दिला होता म्हणून हलका न मानणे, या गोष्टींना कोणी साक्ष म्हणून उभे राहून सांगत नाही.

वाटसरू (धागाकर्ता)

सर्वांच्या प्रतिसादांबद्दल आभारी आहे. खडू आणि काठ यांनी माझ्या मांडणीत जी भर घातली ती मला पूर्णपणे मान्य आहे. "भले इच्छिणे" म्हणजे समोरच्याला बरे वाटेल तेवढेच करणे नव्हे, हे मी मूळ लेखात अध्याहृत धरले होते. ते उघड सांगणे गरजेचे होतेच.

एक गोष्ट मात्र राहून जाऊ नये. 12 व्या अध्यायाची सुरुवात पौल "देवाच्या करुणेमुळे मी तुम्हाला विनंती करतो" अशी करतो. त्याआधीचे 11 अध्याय त्या करुणेचेच वर्णन करतात. आपण शत्रू असताना देवाशी आपला समेट झाला असे 5:10 मध्ये म्हटले आहे. प्रीतीची आज्ञा त्या वर्णनानंतर येते. ज्याला आपण कसे स्वीकारले गेलो हे विसरायला होते, त्याला दुसऱ्याला स्वीकारणे हा निव्वळ कष्ट वाटू लागतो, आणि कष्टाचा हिशेब ठेवण्याची सवय माणसाला फार लवकर लागते. मत्तय 18 मधील दाखल्यातील दासाला दहा हजार तलांतांचे, म्हणजे कधीही न फिटण्याजोगे, कर्ज माफ झाले होते आणि त्याने शंभर दिनारांसाठी सोबतीच्या दासाचा गळा धरला. दिनार ही एका दिवसाची मजुरी होती. म्हणजे शंभर दिनार ही काही क्षुल्लक रक्कम नव्हती. आपल्याविरुद्ध झालेले अपराध खरेच असतात, त्यांचे मोल खरेच असते, हे प्रभू नाकारत नाही. तो फक्त त्या रकमेशेजारी दुसरी रक्कम ठेवतो.

ज्या भगिनीने प्रश्न विचारला होता, तिला मी एवढेच सुचवले आहे की त्या व्यक्तीचे नाव घेऊन रोज प्रार्थना करावी, आणि प्रार्थनेत तिच्याविषयीच्या तक्रारी न मांडता तिच्या गरजा मांडाव्यात. त्यासाठी त्या गरजा कोणत्या आहेत हे आधी शोधावे लागते, आणि शोधायला लागले की माणूस नीट दिसू लागतो.

निर्झर

ओलावा, आपल्याला एक विचारायचे होते. मी वर लिहिले त्याप्रमाणे नुसता संदेश न पाठवता, आपल्यासारख्या परिस्थितीतील घराला मंडळीने खरोखर काय द्यावे? जेवण पाठवावे, भेटायला यावे, की भेटीचाही त्रासच होतो?

ओलावा

निर्झर, विचारल्याबद्दल आभार. हे सहसा कोणी विचारत नाही. भेटी चांगल्याच असतात, पण येणारे बहुतेक जण माझ्याशी बोलतात, बाबांशी बोलत नाहीत, आणि त्यांना ते कळते. त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला येईल अशी खुर्ची ओढून बसावे, उत्तर यायला वेळ लागतो तेवढा द्यावा, आणि त्यांच्यादेखत त्यांच्या आजाराची चौकशी माझ्याकडे करू नये. सल्ले नकोत, औषधांचे तर मुळीच नकोत.

आणि सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे एका रात्रीची पाळी. गलतीकरांस पत्रात एकमेकांची ओझी वाहा असे जे म्हटले आहे, त्याचा आमच्या घरापुरता अर्थ हाच आहे की रात्री त्यांची कूस बदलायला दुसरे कोणी तरी उठावे. आमच्या मंडळीतील एका तरुणाने स्वतः होऊन हे काम शिकवायला सांगितले. त्याला मी चादर कशी गुंडाळायची ते दाखवले, कूस बदलताना उशी पाठीला कोठे लावायची ते दाखवले, आणि वळवण्याआधी बाबांना सांगायचे, हेही सांगितले. आता शुक्रवारची रात्र त्याची असते, आणि त्या रात्री मी दार लावून झोपते.